भिंतीवरची माती आणि अमूर्त कला

श्रोतेहो, नमस्कार.

एखाद्या ठरावीक जागेसाठीच घडवलेल्या अमूर्त कलाकृतीबद्दल आज बोलू, आणि तेही मातीच्या अंगाने. अमूर्तात झाड नसतं, माणूस नसतो. पाहणाऱ्यासमोर उरतो तो पदार्थ, त्याचं वजन, ओल आणि त्यावरचा उजेड. म्हणून मातीच्या रंगाचं अॅक्रिलिक फासण्यापेक्षा खरी माती वापरावी, असं आमचं ठाम मत आहे.

न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन कलावंत वॉल्टर डी मारिया यांनी १९७७ साली ३३५ चौरस मीटरच्या दालनात ५६ सेंटीमीटर जाडीचा मातीचा थर अंथरला. वजन सुमारे १२७ टन, म्हणजे चौरस मीटरला पावणेचारशे किलोंहून जास्त. आपल्याकडे राहत्या घराच्या स्लॅबवर साधारण २०० किलोंचाच भार धरलेला असतो. नेहमीच्या ओल्या, दाबलेल्या मातीचा वीतभर थरही त्यापुढे जातो. वरच्या मजल्यावर माती पसरायची, तर आधी इंजिनिअरला विचारा.

भिंतीची गोष्ट वेगळी. कोल्हापुरात पहिला मोह होतो तालमीच्या लाल मातीचा. तिच्यात तेल, ताक, हळद मुरलेली असते. तेलामुळे ती भिंत धरत नाही. जमिनीवर मात्र तिचा वास आणि मऊपणा, दोन्ही कामाला येतात. नदीकाठची काळी माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि रुंद भेगा पडतात. पन्हाळ्याकडची जांभ्याची तांबडी माती त्या मानाने शांत. भेगा म्हणजे दोष की रेखाटन, हे आधी ठरवा. रेखाटन हवं असेल तर काळ्या मातीत वाळू कमी घाला आणि खाली गोणपाट ताणा, म्हणजे तुकडे गळणार नाहीत. भेगा नकोत तर एक भाग चाळलेली माती, दोन भाग वाळू, थोडं बारीक चिरलेलं भाताचं पिंजर.

फूटभर चौकोनाचे चार-पाच नमुने करून आठवडाभर सावलीत वाळवा. उन्हात वरचा पापुद्रा आधी आवळतो आणि कडा उचलतात. ऑइलपेंटच्या भिंतीवर तर माती वाळताच सुटते. रंग खरवडा, छिन्नीने खाचा पाडा, पाणी मारा, मग अर्ध्या सेंटीमीटरचा हात द्या. पहिला वाळल्यावरच दुसरा. आषाढ-श्रावणात हे काम काढू नका, पिंजराला बुरशी येते.

उजेडाचं महत्त्व कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. अंबाबाईच्या देवळात मावळतीचे किरण ठरावीक दिवसांतच गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात, आणि वाटेत काही आडवं आलं की अडतात. शाहू स्मारकाचं दालन असो की उद्यमनगरातली शेड, सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला जागा पाहा. समोरून ट्यूबलाइट पडली तर मातीचा पोत पुसला जातो. दिवा भिंतीलगत बाजूने लावा, मग बोटांचे वळही दिसतात.

आणि मातीत फेविकॉल घालू नका. प्रदर्शन उतरवल्यावर ती पुन्हा नीट भिजत नाही. नुसती माती असेल, तर पोत्यांत भरून, भिजवून पुढच्या जागेसाठी तीच वापरता येते.