उचिमुराला पदक कुणी दान दिलं नाही

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘कोहेई उचिमुरा: सहा साधनांवरची कारकीर्द’. त्याकडे येतोच. पण आधी एक जुनं भांडण मिटवायचंय. २०१६ पासून या जपानी जिम्नॅस्टचं नाव निघालं की कुणीतरी हमखास म्हणतं, “हो, पण रिओ ऑलिम्पिकचं सुवर्ण त्याला पंचांनी दिलं.” नाही दिलं. मोबाइल काढा, कॅल्क्युलेटर उघडा. व्हॉट्सॲप नको.

रिओच्या ऑल-अराउंड (सहाही साधनांच्या गुणांची बेरीज) अंतिम फेरीत पाच साधनं झाली तेव्हा युक्रेनच्या ओलेग वेर्निएवचे ७७.४६६ गुण होते आणि उचिमुराचे ७६.५६५. फरक ०.९०१. फ्लोअरला उचिमुराने १५.७६६ घेऊन वेर्निएवच्या १५.०३३ ला मागे टाकलं होतं. ती आघाडी पॉमेल (मुठी लावलेला घोडा) आणि रिंग्जवर गेली, आणि पॅरलल बारवर वेर्निएवला १६.१०० मिळाले तेव्हा तर समालोचकांनी निकाल लावूनच टाकला. राहिला होता हाय बार.

आता हे गुण तीन दशांश स्थळांपर्यंत का जातात, ते समजून घ्या, सगळी गंमत तिथेच आहे. २००६ पासून दहापैकी दहाची पद्धत गेली. काठिण्याचे गुण वेगळे, सफाईचे वेगळे. सफाई दहापासून सुरू होते आणि चुकीगणिक कापली जाते: छोटी चूक ०.१, मध्यम ०.३, मोठी ०.५, पडलात तर सरळ १.०. रिओत सफाईला पाच पंच होते. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा गुण बाद, मधल्या तिघांची सरासरी. म्हणजे मोजणीत धरलेल्या एका पंचाने एक दशांश जास्त कापला की निकालात ०.०३३ चा फरक, सगळ्यांनी कापला तर पूर्ण ०.१. हे ध्यानात ठेवा, लागणार आहे.

हाय बार म्हणजे २८ मिलिमीटर जाडीचा पोलादी दांडा, जमिनीपासून २.८० मीटर उंच. उचिमुराच्या संचात, म्हणजे सलग करायच्या कसरतींत, कोलमन आणि कासिना होते. दोन्हींत दांडा सोडून त्याच्यावरून उलट्या दोन कोलांट्या, त्यात एक पूर्ण पीळ, आणि परत तोच दांडा पकडायचा. कोलमन अंग गोळा करून, कासिना अंग ताठ ठेवून. हात लवकर सुटला तर माणूस वर जाऊन दांड्यावरच येऊन आदळतो, उशिरा सुटला तर दांडा हाताच्या पल्ल्याबाहेर जातो. हातावर बांधायच्या चामड्याच्या ग्रिपमध्ये बोटांजवळ एक आडवी कांडी शिवलेली असते, ती दांड्याला आकड्यासारखी अडकते. चामडं ताणून ढिलं झालं की ग्रिप दांड्याभोवती गुंडाळून स्वतःवरच बसते. हात तिथे अडकतो, शरीर फिरत राहतं आणि मनगटाचं हाड जातं. म्हणून जुनी ग्रिप ‘अजून महिनाभर चालेल’ म्हणणाऱ्या मुलांचे कान उपटायला हवेत. (समोर दोन-तीन जण खाली बघताहेत.)

याच बारवरून उचिमुरा पात्रता फेरीत पडला होता. अंतिम फेरीत त्याने तोच कठीण संच घेतला, उतरताना पाय रोवून उभा राहिला, आणि १५.८०० मिळवले. शेवटी वेर्निएव. गणित करा: सुवर्णासाठी त्याला १४.९०० हवे होते. संच बेताचा, आणि उतरताना पाय हलला. मिळाले १४.८००. एकूण ९२.३६५ विरुद्ध ९२.२६६. फरक ०.०९९.

लँडिंगच्या छोट्या पावलाला किती कापतात? एक दशांश. ते पाऊल पडलं नसतं आणि तो दशांश त्याच्याकडे राहिला असता, तर वेर्निएवचे झाले असते ९२.३६६. तो एका सहस्रांशाने जिंकला असता! पंचांच्या मनात दया शोधण्याआधी गादीवरचं पाऊल बघा. नंतर पत्रकार परिषदेत उचिमुराला पंचांच्या सहानुभूतीबद्दल प्रश्न आला, तेव्हा तो प्रश्नच निरर्थक आहे म्हणून झटकून कोणी टाकला? वेर्निएवने.

एक उपकथा, लगेच संपवतो. त्या स्पर्धेच्या थोडं आधी ब्राझीलमध्ये पोकेमॉन गो खेळताना उचिमुराचं रोमिंगचं बिल पाच लाख येन झालं होतं. कंपनीने नंतर सवलत दिली म्हणे. सहानुभूती मिळाली असलीच तर ती तिथे.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे: पाच मिनिटं. आता मूळ विषय, धावतपळत.

नागासाकीतल्या इसाहायात आईवडिलांचा जिम्नॅस्टिक्स क्लब, लहानपणापासून ट्रॅम्पोलिन. हवेत आपण कुठे आहोत याचं भान तिथलं. २००८ ला बीजिंगमध्ये पॉमेलने मागे ढकलूनही रौप्य. मग २००९ ते २०१६, सहा जागतिक आणि दोन ऑलिम्पिक ऑल-अराउंड विजेतेपदं, सलग. माझा मुद्दा असा होता की तो एका साधनावर राजा असण्यापेक्षा सहाही साधनांवर फारसं न गमावणारा होता. एका दिवसात सहा संच करायचे तर काठिण्य चढवण्यापेक्षा उतरणं पक्कं करणं स्वस्त पडतं. २०१२ ला लंडन ऑलिम्पिकमध्ये सांघिक फेरीत पॉमेलच्या शेवटी त्याचं उतरणं फसलं, जपान चौथा. काठिण्याच्या गुणांवर दाद मागता येते, सफाईच्या नाही. जपानने मागितली, ०.७ परत मिळाले, रौप्य आलं आणि युक्रेन पदकाबाहेर गेला. तिथेही प्रश्न उतरण्याचाच.

२०१७ ला मॉन्ट्रियलच्या जागतिक स्पर्धेत व्हॉल्टच्या उडीवरून उतरताना घोटा गेला आणि मालिका तुटली. २०१८ ला दोहाच्या जागतिक स्पर्धेत हाय बारवर रौप्य. खांदे साथ देईनात म्हणून पुढे त्याने सहा साधनं सोडून फक्त हाय बार धरला.  २०२१ ला झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये पात्रता फेरीतच पडला. त्याच वर्षी किताक्युशूला जागतिक अंतिम फेरीत सहावा, आणि २०२२ ला निवृत्ती. विशेषज्ञ होणं सोपं का नाही, ते सांगायचं राहिलं. थोडक्यात: सहा साधनांवर एक चूक पाच साधनं भरून काढतात, एकाच साधनावर ती भरून काढायला दुसरं काही उरत नाही. घंटा झाली. प्रश्न चहाच्या टेबलापाशी विचारा.