हंगाम सरला, हिशेब?

नमस्कार श्रोते हो. दिवाळी आटोपली की हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, कुठंही जा, जिनाच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग दिसते. एप्रिल-मे आला की एका संध्याकाळी मुकादम म्हणतो, "उद्यापासून काम नाही." ना कागद, ना चिठ्ठी.

अशाच एका जिनात मी काही वर्षं हजेरी लिहीत होतो. कापसातली कवडी (किडका कापूस) अन् काडीकचरा वेचणारी एक बाई सात हंगाम तिथंच राबली. पण ठेकेदार बदलला की वही नवी. एका साली तिचं नाव अर्धंच, दुसऱ्या साली आडनाव गायब. ते आडनाव मीच गाळलं होतं, सांगितलं म्हणून. कागदावर बाई दर दिवाळीला नवीनच.

तिनं एकदा विचारलं, "भाऊ, हंगाम सरला म्हंजे हिसाबई सरला का?" तेव्हा मला उत्तर येत नव्हतं.

उत्तर असं आहे. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला ग्रॅच्युइटी, म्हणजे काम सुटताना मालकानं द्यायची रक्कम, लागू होते. 1972 च्या कायद्यात हंगामी कामगाराला दर हंगामामागे 7 दिवसांचा पगार सांगितला होता, अन् नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो कायम आहे. अट पाच वर्षं सलग कामाची. आता "सलग" शब्दाला आपली माणसं घाबरतात, पण हंगामी कारखान्यात सलग म्हणजे बारमाही नव्हे. जिन जितके दिवस चाललं, त्यातले 75 टक्के दिवस तुम्ही कामावर असलात तर ते वर्ष धरलं जातं. समजा रोजी 400 रुपये अन् हंगाम सात, तर काम कायमचं सुटताना 19,600 रुपये होतात. मालकानं ते दिले नाहीत तर कामगार कार्यालयात अर्ज करता येतो. पीएफचा नंबर, मजुरीची पावती, सोबतिणींची साक्ष, जे हाती असेल ते जपून ठेवा. अन् ठेकेदार मजुरी बुडवून पळाला, तर ती मजुरी मूळ मालकाला द्यावी लागते, हेही ध्यानात असू द्या.

पुढे एकदा मी त्या बाईच्या घरी गेलो. तिनं आढ्याला खोचलेली सात कॅलेंडरं काढून माझ्यापुढं पसरली. कामाच्या दर दिवशी काजळाचा एक ठिपका होता अन् अर्ध्या दिवसाला अर्धा.

माझ्या वहीत ते अर्धे दिवस खाडे म्हणून लागलेले होते.