देवा, मला पाव!

(दृश्य: म्हापशाचा बाजार, सकाळची गर्दी)

म्हापशाच्या बाजारात सकाळी नुसतं ऐकत उभं राहावं. एका दुकानावर "पाव किलो वाटाणे". पलीकडे "सहा पाव बांधा". आणि बोडगेश्वराच्या पायरीवर कुणीतरी हात जोडून, "देवा, मला पाव!"

मोजमापातला पाव संस्कृत 'पाद'मधून आला, म्हणजे चौथा हिस्सा. देवाला घातलेली हाक 'प्राप्'ची; रद्दीच्या डब्यात साठणारी पावती तिचीच भावंड. आणि खायचा पाव? तो पोर्तुगीज. लॅटिन 'पानिस'चा पोर्तुगालात 'पांव' झाला आणि 1510 नंतर गोव्यात उतरला. इथं यीस्ट कुठलं मिळायला? पोदेरांनी, म्हणजे गोव्याच्या पाववाल्यांनी, माडाची सूर (माडी) घालून पीठ फुगवलं.

(दृश्य: भट्टीतून निघणारे उंडे, म्हणजे गोल पाव)

पायांनी मळतात म्हणून पाव, किंवा लादीचा चौथा भाग म्हणून पाव, असं आजही ठासून सांगणारे भेटतात. दोन्ही बिनबुडाचं. पोदेराकडचा उंडो तर सुटाच येतो, तो चौथा भाग कशाचा धरायचा? पण उच्चार जुळला की नातं जुळवायचा मोह कुणाला आवरत नाही.

खरी गंमत पोर्तुगिजांच्याच कानात आहे. त्यांचा पाव नाकातून उच्चारायचा. ते अनुनासिक आपण वाटेत सांडलं, आणि त्याशिवाय उरतो तो 'पाउ'. त्यांच्या भाषेत पाउ म्हणजे काठी, लाकूड. लिस्बनच्या बेकरीत आपला म्हापसेकर गेला, तर तो अगदी अदबीनं सहा काठ्या मागेल! जुने पोदेर मात्र दोन्ही घेऊनच दारी यायचे: टोपलीत पाव, हातात खुळखुळणारा बांबू. आता सायकल आणि रबरी भोंगा.

मराठी आणि पोर्तुगीज निदान एकाच मोठ्या भाषाकुळातल्या, दूरच्या का होईना. कन्नड त्या कुळातलीच नाही. गोव्याच्या कदंब राजांचे काही शिलालेख कन्नडमध्ये आहेत, आणि जुन्या कन्नडमध्ये 'पावु' म्हणजे साप. तेव्हा त्यांच्या राजधानीत, चांदोरला कुणी "पावु!" असं ओरडलं असतं, तर लोक टोपली नव्हे, काठी शोधत धावले असते. पुढे कन्नडमध्ये शब्दारंभीच्या 'प'चा 'ह' होत गेला आणि पावुचा हावु झाला. म्हणून आज हुबळीत बिनधास्त पाव मागा.