किती पावसाळे टिकेल?

(दृश्य : हर्णै बंदर, जून. किनाऱ्यावर ओढलेल्या, शाकारलेल्या होड्या.)

१ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. एरवी पाण्याखाली असतं ते आता डोळ्यांसमोर येतं. हा बोटीचा पंखा आणि त्याच्या शेजारी जस्ताचा ठोकळा. बसवला तेव्हा साबणाच्या नव्या वडीसारखा होता. आता मोरीत उरलेला तुकडा वाटतो. खारं पाणी आधी जस्ताला खातं, म्हणून पंखा वाचतो. कोकणात कुठलाही धातू घेताना विचारतात, किती पावसाळे टिकेल? विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्रातल्या धातूंनाही हाच प्रश्न विचारायचा आहे.

(दृश्य : ग्लासात समुद्राचं पाणी, पेन्सिलीची दोन शिसं, ९ व्होल्टची बॅटरी.)

ऋण टोकाला बारीक बुडबुड्यांची दुधाळ रेघ उठते. तो हायड्रोजन. धन टोकाजवळ नाक नेऊ नका, वास येईलच. ओळखीचा आहे. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकते, त्याचा. निघायला हवा होता ऑक्सिजन, मिठातला क्लोरीन मध्येच घुसला.

पाणी फोडायला कागदावर १.२३ व्होल्ट पुरतात. प्रत्यक्षात जास्त लागतात, आणि अडतं ते मुख्यतः ऑक्सिजनच्या बाजूला. एक रेणू सुटायला चार इलेक्ट्रॉन काढावे लागतात. तिथे वाया जाणारी वीज वाचवतो तो उत्प्रेरक. आम्लधर्मी यंत्रांत हे काम इरिडियम करतं. ते जगभरात वर्षाला निघतं जेमतेम ७-८ टन, बहुतेक दक्षिण आफ्रिकेतल्या प्लॅटिनमच्या खाणींतून. एका ट्रकात मावेल!

पाण्यात कॉस्टिक पोटॅश घातलं, की निकेलवर भागतं. गंमत पुढे आहे. निकेलच्या बॅटरीवाल्यांना लोह नकोसं असे. ते शिरलं की चार्जिंगच्या वेळी ऑक्सिजन सुटून वीज फुकट जाई. १९८७ साली संशोधक डेनिस कॉरिगन यांनी दाखवलं, की लोहाचा अंशही निकेलवर बसला तर ऑक्सिजन कमी व्होल्टला निघतो. बॅटरीतला दोष इथे गुण ठरला. आज स्वस्त उत्प्रेरकांत निकेल-लोहाची जोडी आघाडीवर आहे. हायड्रोजनच्या बाजूला प्लॅटिनमऐवजी निकेल-मॉलिब्डेनम.

(दृश्य : जांभ्याची चिरेखाण.)

या चिऱ्याचा लाल रंगही लोहाचाच. पण जांभा दळून उत्प्रेरक होत नाही, हे इथेच सांगून टाकतो. नाहीतर उद्या व्हॉट्सॲपवर फिरेल.

मग समुद्राचं पाणी थेट का वापरू नये? कॉस्टिक पोटॅशसारख्या अल्कलीत क्लोरीनला मागे ठेवायला साधारण अर्ध्या व्होल्टची सवड मिळते, आणि निकेल-लोह तेवढ्यात काम उरकू शकतं. पण समुद्रातल्या मॅग्नेशियमचा पांढरा थर साचतो, क्लोराईड धातू कुरतडत राहतं. मला विचाराल तर आधी पाणी गोडं करून घ्यावं. हजार लिटरला ३-४ युनिट लागतात. एक किलो हायड्रोजनमध्ये पाणी जातं ९ लिटर, वीज मात्र ५० युनिटच्या वर. खर्च विजेचा आहे, पाण्याचा नाही.

(दृश्य : अलिबागजवळचं थळ, खत कारखाना दुरून.)

हायड्रोजन म्हटलं की लोकांना गाडी आठवते. कोकणातला हायड्रोजन भाताच्या खाचरात जातो, युरिया होऊन. थळला तो नैसर्गिक वायूपासून बनतो. या पद्धतीत हायड्रोजनच्या किलोमागे ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. आणि वायू-वाफेच्या या भट्टीतही उत्प्रेरक निकेलच!

(दृश्य : पुन्हा हर्णै. पाऊस.)

प्रयोगशाळेतला नवा उत्प्रेरक काहीशे तास चालला की कौतुक होतं. कारखान्याला तो वर्षानुवर्षं हवा. त्यात सौरवीज ढगाबरोबर जाते-येते. यंत्र थांबलं की आत उलटा प्रवाह वाहतो आणि इलेक्ट्रोडवरचा थर झिजतो. म्हणजे खरी परीक्षा चालण्यात नाही, बंद पडण्यात आहे. आणि आमच्याकडे जूनमध्ये वीज कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे.

होडीखाली पान्याचा आवाज. जुना ठोकळा निघाला, तळहातावर मावला. तांडेलाने तो वजन केल्यासारखा झेलला, भंगाराच्या डब्यात टाकला आणि नव्याचे बोल्ट आवळायला घेतले.