पणजोबांची नोंद कुठल्या वॉर्डात?

[दृश्य: परळ. महापालिकेच्या एफ दक्षिण विभाग कार्यालयातली सकाळ. खिडकीपुढची रांग.]

निवेदन:

जन्म-मृत्यूच्या दाखल्यांची रांग मुंबईला नवी नाही. इथे उभ्या असलेल्या बहुतेकांना या महिन्यातला, फार तर गेल्या वर्षीचा दाखला हवा आहे. बँकेसाठी, विम्यासाठी, खोली नावावर करून घेण्यासाठी. पण याच रांगेत अधूनमधून असाही कुणी असतो, ज्याला १९३२ सालची नोंद बघायची असते. आपला पणजोबा नेमका कधी गेला, कशात गेला, एवढंच त्याला हवं असतं.

खिडकीतून दोन प्रश्न येतात. तारीख काय? मृत्यू कुठे झाला?

घरात विचारलं की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच मिळतं आणि बऱ्याचदा तेच चुकीचं निघतं. समजा, पणजोबा लालबागच्या चाळीत राहायचे, गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, होते. घरातले सगळे ठामपणे सांगतात, लालबागलाच वारले. पण मृत्यूची नोंद राहत्या पत्त्यावर होत नाही, जिथे प्राण गेला तिथे होते. शेवटच्या आजारात त्यांना जे. जे.ला हलवलं असेल, तर नोंद भायखळ्याच्या ई वॉर्डात. केईएमला नेलं असेल, तर परळच्या एफ दक्षिणमध्ये. सायनला, तर माटुंग्याच्या एफ उत्तरमध्ये. इथे सालही बघावं लागतं. जे. जे. रुग्णालय १८४५ पासूनचं, केईएम १९२६ चं आणि सायनचं थेट १९४७ चं. त्यामुळे १९२० साली गेलेल्या माणसाला केईएमच्या नावावर शोधण्यात अर्थ नाही.

[दृश्य: भाऊचा धक्का. लाँचमध्ये चढणारी माणसं.]

आणि कोकणातल्या गिरणी कामगाराच्या बाबतीत आणखी एक शक्यता कायम असते. तो मुंबईत वारलाच नसेल. छातीचं दुखणं जडलं, काम होईना, की माणूस बोटीत बसायचा आणि गावी जायचा. आयुष्य परळमध्ये, मरण राजापुरात. मग महापालिकेच्या वह्या कितीही चाळा, हाती काही लागायचं नाही.

अशा वेळी गाठायचं ते तालुक्याचं तहसील कार्यालय. तिथल्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ असतो, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, याची ही वही. जुनी पानं बहुतेक मोडी लिपीत. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा राज्यभर याच वह्या कपाटांतून बाहेर निघाल्या आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली.

[दृश्य: जुन्या नोंदवहीचं पान, जवळून. बोट एकेका ओळीवरून सरकतं.]

एका ओळीत एक माणूस. तारीख, नाव, बापाचं नाव, जात, वय, मरणाचं कारण. कारणाच्या रकान्यात ताप, देवी, पटकी म्हणजे कॉलरा, हगवण. त्यातही ताप सगळ्यात जास्त, कारण तपासायला डॉक्टर नव्हताच. मलेरिया असो, विषमज्वर असो, गावाच्या वहीत तो ताप. त्या एका शब्दावरून आजाराचं निदान करायला जाऊ नका.

आता पहिला प्रश्न, तारखेचा.

आपल्या घरांतून तारीख हरवते, तिथी टिकते. आजीला विचारा, ती सांगेल, "त्यांचं पान पंचमीला." ही मोलाची माहिती आहे, पण ती जपून वापरावी लागते. पितृपक्षातल्या पानावरून फक्त तिथी कळते. महिना कळत नाही, शुद्ध की वद्य तेही कळत नाही. त्यासाठी वर्षश्राद्ध कधी करत होते ते विचारायचं. बाईंच्या बाबतीत तर आणखी सावध राहायचं. नवरा हयात असताना गेलेल्या बाईचं श्राद्ध अविधवा नवमीला करतात, मग ती कुठल्याही तिथीला गेलेली असो. त्या नवमीवरून तारीख काढलीत, तर शोध भलतीकडेच जाईल. महिना, पक्ष, तिथी आणि शके हे चार हाती आले, की त्या वर्षाचं पंचांग उघडून इंग्रजी तारीख काढता येते. शके १८४० म्हणजे १९१८ चा पाडवा ते १९१९ चा पाडवा. जी तारीख निघेल तिच्या मागचा-पुढचा एकेक दिवसही बघा. तिथी मध्यरात्रीला बदलत नाही, सरकारी तारीख बदलते.

साल आठवत नसेल, तर मोठ्या घटना विचारा. "प्लेगात गेले." "मानमोडीच्या साथीत गेले." "धक्क्यावर स्फोट झाला त्या साली." मुंबईकर घरांचं कॅलेंडर असंच असतं आणि त्यातल्या प्रत्येक उत्तरामागे नोंदींची एक वेगळी गोष्ट आहे.

[दृश्य: मांडवीच्या अरुंद गल्ल्या.]

सप्टेंबर १८९६. मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून गावी पळाली. जी राहिली त्यांच्यातल्या अनेकांनी घरातला आजारी माणूस लपवला, कारण तपासणीवाले आले की रुग्णाला इस्पितळात आणि बाकीच्यांना छावणीत नेत. मृत्यूही लपवले गेले. म्हणून १८९७ ची नोंद मिळाली नाही किंवा तिथे प्लेगऐवजी भलताच आजार लिहिलेला दिसला, तर त्यात नवल नाही.

१९१८ चा इन्फ्लुएंझा, तीच मानमोडी. जूनमध्ये आला, ओसरला आणि सप्टेंबरात दुप्पट जोराने परतला. ६ ऑक्टोबरला या शहरात एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. पितृपक्ष संपून नवरात्र बसण्याचे ते दिवस. तुमच्या घरात कुणाची तिथी आश्विनाच्या सुरुवातीची असेल आणि साल ठाऊक नसेल, तर आधी त्या वर्षाची वही मागा.

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या बोटीचा स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. त्यांची नावं भायखळ्याच्या मुख्यालयात आजही मानाने घेतली जातात. पण गोदीतल्या हमालांचं, धक्क्यामागच्या वस्तीतल्या माणसांचं काय? कित्येक प्रेतांची ओळखच पटली नाही. ज्याची ओळख पटली नाही, त्याचं नाव वहीत चढलं नाही. त्यांच्या घरच्यांचा हा शोध सगळ्यात कठीण.

[दृश्य: वांद्रे, चर्चच्या आवारातली दफनभूमी.]

उपनगरांत शोधणाऱ्यांनी शहराची हद्द लक्षात ठेवावी. वांद्रे, कुर्ला, अंधेरी १९५० साली महापालिकेत आले आणि १९५७ मध्ये हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. त्याआधी वांद्र्याची, कुर्ल्याची स्वतंत्र नगरपालिका होती. बाकीची बहुतेक गावंच होती, १९२० पर्यंत ठाणे जिल्ह्यातली. गावठाणातल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांना मात्र मोठा आधार आहे. चर्चच्या दफन नोंदवह्या महापालिकेच्या जन्माआधीपासूनच्या आहेत.

बाकीच्यांनीही सरकारी वहीवरच अडून राहू नये. स्मशानांच्या, कब्रस्तानांच्या स्वतःच्या वह्या असतात. लालबाग-परळमधली गावकीची, म्हणजे एका गावच्या माणसांची सामायिक, खोली शोधा. कुणी गेलं की ग्रामस्थ मंडळ वर्गणी काढायचं, सामान आणायचं, गावी तार करायचं. त्या खर्चाची नोंद मंडळाच्या वहीत असू शकते. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला अस्थी नेल्या असतील, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्याची नामावळी मिळते. कोण आलं होतं, कुणासाठी आलं होतं, सगळं लिहिलेलं.

[दृश्य: पुन्हा वॉर्ड ऑफिस. अर्ज भरणारे हात.]

अर्ज करताना भीड बाळगू नका. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम १७ कुणालाही नोंदीचा शोध घ्यायला लावण्याचा आणि दाखला मागण्याचा हक्क देतं. मात्र त्या दाखल्यात मृत्यूचं कारण देत नाहीत, तसं कायद्यातच लिहिलं आहे. शोधाचं शुल्क वर्षागणिक लागतं, म्हणून "१९२० ते १९४०" असा मोघम अर्ज करू नका. दोन-तीन वर्षांवर या, मग जा. नोंद सापडली नाही, तर अनुपलब्धता प्रमाणपत्र मागून घ्या. ते त्याच वॉर्डापुरतं आणि त्याच वर्षांपुरतं असतं. शेजारचा वॉर्ड अजून बाकी आहे.

आणि पणजीला शोधत असाल, तर तिच्यासाठी वेगळी तयारी करा. पणजोबा वहीत निदान नावाने असतात. ती कित्येकदा "अमक्याची बायको" एवढीच असते. कधी माहेरचं नाव लागलेलं, कधी सासरचं. आडनाव पुष्कळदा नाहीच, कारण गिरणीच्या मुंबईत आडनाव लावण्याची सगळ्यांनाच सवय नव्हती. बाळंतपणात गेली असेल, तर त्याच दिवशीच्या आसपास "मुलगी, वय ३ दिवस" अशी बिननावाची ओळ दिसते का तेही बघा. अर्जात नावाचा रकाना एकच असतो. तिथे सासरचं नाव लिहा आणि सोबत एक साधा कागद जोडा. त्यावर माहेरचं नाव, नवऱ्याचं नाव, सासऱ्याचं नाव, घरात तिला ज्या नावाने हाक मारायचे ते नाव, सगळं लिहा. वही चाळणाऱ्या कारकुनाला यातलं एखादं तरी ओळखू येईल.