दहातले तीन

[दृश्य: परभणी. क्रीडा साहित्याचं दुकान. काउंटरवर इलेक्ट्रॉनिक काटा, काट्यावर लोखंडी गोळा.]

निवेदन:
काट्यावरचा आकडा थांबतो : 6.910 किलो. गोळ्यावर मात्र पांढऱ्या ऑइलपेंटनं ठसठशीत लिहिलंय, 7.26. समोर उभा पोरगा पालम तालुक्यातला, पोलीस भरतीची तयारी करणारा. गोळा त्यानं दुसरीकडून स्वस्तात घेतलेला. नऊ मीटर जायलाय म्हणून स्वारी खुशीत आहे.

दुकानदार गोळा उचलतात, दुसरा काट्यावर ठेवतात. 7.265. "लेकरा, भरतीच्या मैदानावर हा राहतो. हा साडेआठ जाऊ दे, मग पेढे वाट."

दुकानदारांना अख्ख्या जिल्ह्यातली पोरं 'सर' म्हणतात. आपणही सरच म्हणू. चित्रीकरणाला त्यांनी एकच अट घातली : नाव येऊ द्यायचं नाही. का, तर "दोन ठिकाणी बिलं अडकलीत. टीव्हीवर दिसलो तर अजून अडकतील."

[दृश्य: काळ्या मातीचं मैदान. भेगा. कडेला बाभळी.]

नव्वदच्या दशकात सर डेकॅथलॉन खेळायचे. दोन दिवस, दहा खेळ. पहिल्या दिवशी 100 मीटर, लांब उडी, गोळाफेक, उंच उडी आणि अंगात त्राण उरलं नसताना 400 मीटर. दुसऱ्या दिवशी 110 मीटर अडथळा, थाळीफेक, बांबू उडी, भालाफेक आणि शेवटी 1500 मीटर. प्रत्येक कामगिरीला तक्त्यातून गुण मिळतात. आज चालतो तो तक्ता 1985 पासूनचा. 100 मीटर 11 सेकंदांत धावलात तर 861. 1500 मीटरला 4 मिनिटं 40 सेकंद लागले तर 680, आणि तेच 4.30 ला आलात तर 745. शेवटच्या दहा सेकंदांसाठी माणसं पोट धरून का पळतात, ते या 65 गुणांत आहे.

हे सगळं सर शिकले ते या मातीवर. पावसाळ्यात बुटाला किलोभर चिखल, उन्हाळ्यात पाय अडकेल एवढी भेग. अडथळे सुताराकडून करून घेतलेले. बांबू उडीला खराखुरा बांबू, आणि पडायला उसाचं पाचट भरलेली पोती. फायबरचा वाकणारा बांबू त्यांनी पहिल्यांदा हातात घेतला तो थेट राज्य स्पर्धेत, तोही दुसऱ्याचा, उसना. पहिल्या दिवसाअखेर सर पुढे होते. दुसऱ्या दिवशी बांबू उडीचे तिन्ही प्रयत्न फसले. तिथं शून्य म्हणजे शून्यच, तक्ता दयामाया करत नाही. 4 मीटरची साधी उडी झाली असती तर 617 गुण जमा झाले असते. हा आकडा त्यांना आजही आपल्या मोबाइल नंबरसारखा पाठ आहे.

जगात जर्मनी अन् भारतात परभणी, ही म्हण इथं उठता-बसता ऐकायला मिळते. बाकी कशात असो-नसो, या खेळात जर्मनीचा दबदबा खरा आहे. 2025 च्या टोकियो जागतिक स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते जर्मनीच्याच लिओ नॉयगेबाउरनं, 8804 गुणांनी. पण सरांचा आवडता जर्मन जुना आहे : विली होल्डॉर्फ. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तो 45 गुणांच्या फरकानं जिंकला. 1500 मीटरची रेषा ओलांडली आणि गडी तिथंच कोसळला. त्याच ऑलिंपिकमध्ये आपले गुरबचनसिंग रंधावा 110 मीटर अडथळा शर्यतीत पाचवे आले होते. त्याआधी दोनच वर्षं, जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत, रंधावांनी डेकॅथलॉनचं सुवर्ण घेतलं होतं.

होल्डॉर्फची पुढची गोष्ट सर जास्त रंगवून सांगतात. निवृत्तीनंतर तो आदिदास कंपनीचा प्रतिनिधी झाला, बुटांच्या धंद्यात उतरला. बांबू उडीही शिकवली. त्याच्या शिष्यानं, क्लाउस शिप्रोव्स्कीनं, 1968 ला मेक्सिकोत रौप्य आणलं. "म्हणजे दुकान टाकणं म्हणजे काय खेळ सोडणं नव्हे," सर म्हणतात. घरी मात्र हा युक्तिवाद चालला नव्हता. वडील कोरडवाहू शेतकरी. पोरगा खेळतो तर नोकरी लागावी, एवढी साधी अपेक्षा. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण प्रमाणपत्राची पडताळणी एका कार्यालयात अशी रखडली, की ती पूर्ण होईतो वयाची अट उलटून गेली. यावर सर फार बोलत नाहीत. आपणही पुढे जाऊ.

[दृश्य: दुकानाचं शटर. आत ट्रॉफींच्या रांगा.]

सुरुवात जुन्या स्कूटरवर झाली. डिक्कीत बूट, हँडलला जाळ्या अडकवलेल्या, आणि मैदानोमैदानी फिरती. माल जालंधर आणि मीरतचा. भारतातलं बहुतेक क्रीडा साहित्य या दोन शहरांतून येतं, आणि दोन्हीकडे उधारी फक्त ओळखीवर मिळते. ती ओळख व्हायला काही वर्षं गेली. मग शाळांच्या ऑर्डरी आल्या, व्यायामशाळांचं साहित्य आलं, पुढे सरकारी खरेदी 'जेम' या ऑनलाइन पोर्टलवर गेली. सरांनी पोरीकडून कॉम्प्युटर शिकून घेतला. माल मार्चच्या आत पोचवायचा, आणि पैशाची वाट पुढच्या दिवाळीपर्यंत पाहायची.

दुकान तगलं ते मात्र ट्रॉफींवर. जयंत्या, गणेशोत्सव, टेनिस बॉलच्या टुर्नामेंट, कुणाच्या तरी वाढदिवसाचा चषक. फूटभर उंचीच्या ट्रॉफीत भाल्यापेक्षा जास्त पैसे सुटतात. भाला वर्षात एखादा खपतो. त्यातही आता घरबसल्या ऑनलाइन मागवायची सोय झाली. त्यातली एक फ्रेंच कंपनी तर डेकॅथलॉन याच नावाची. सर हसून म्हणतात, "मी खेळलो, नाव त्यांनी घेतलं."

खरं गिऱ्हाईक आलं ते पोलीस भरतीतून.

मराठवाड्यात पाऊस बेभरवशाचा, कारखाने मोजके. वर्दी म्हणजे घराला आधार. भरती निघायलीय अशी नुसती कुणकुण लागली, तरी पहाटेच्या रस्त्यांवर पोरापोरींचे जथे दिसायला लागतात. पुरुषांची मैदानी चाचणी 50 गुणांची : 1600 मीटर 20, 100 मीटर 15, गोळाफेक 15. गोळा तोच, 7 किलो 260 ग्रॅमचा. साडेआठ मीटरला पैकीच्या पैकी. डेकॅथलॉनच्या तक्त्यात तेवढ्या फेकीला जेमतेम 396 गुण मिळतात, पण तक्ता पगार देत नाही.

1600 मीटर हा 1500 चाच भाऊ धरला, तर सरांच्या दहा खेळांपैकी तीन बाजारात विकले जातात. त्यांनी तेच विकायला घेतले. दुकानामागं अकॅडमी काढली. माफक फी, आणि फुगवलेली आश्वासनं नाहीत. गल्लोगल्ली अकॅडम्यांचे फ्लेक्स लागलेत, त्यांवर निवड झालेल्यांचे फोटो. एकच फोटो तीन फ्लेक्सवरही दिसतो. सरांच्या अकॅडमीचा फ्लेक्स नाही. आमच्या मते हा त्यांचा धंद्यातला कच्चेपणा आहे, पण ते ऐकत नाहीत.

[दृश्य: पहाट. फक्कीच्या पांढऱ्या रेषा. सर टेप ताणून उभे.]

ट्रॅक आखणं ही त्यांची आणखी एक कमाई. 400 मीटरचा ट्रॅक, वळणाची त्रिज्या साडेछत्तीस मीटर. मध्ये खुंटी, खुंटीला टेप, मागं फक्कीची पाटी घेतलेला पोरगा. 400 मीटरच्या शर्यतीत दुसऱ्या लेनचा धावपटू 7.04 मीटर पुढे उभा करायचा असतो. कित्येक ठिकाणी हे अंतर पावलांनी मोजतात. सर टेप सोडत नाहीत. जिल्हा स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यांना बोलावणं येतं ते यासाठीच.

राहिले सात खेळ. त्यांना गिऱ्हाईक नाही. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत धावायच्या शर्यतीत, राष्ट्रकुलचं रौप्य आणि आशियाई सुवर्ण घेऊन आला, तेव्हा चार-दोन पालक अडथळ्यांची चौकशी करून गेले. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तेजस्विन शंकरनं डेकॅथलॉनचं रौप्य मिळवलं, 7666 गुण. 1974 नंतर भारताला या खेळात आशियाई क्रीडा स्पर्धेचं पदक मिळालं ते तेव्हा. दुकानात त्याबद्दल कुणी विचारलंसुद्धा नाही.

तरी भरतीच्या फीमधून सर सात खेळांचा खर्च काढतात. चार पोरं, दोन पोरी. थाळी, भाले, लोखंडी अडथळे फुकट. अडतो तो बांबू. मोठ्या स्पर्धेला पडायची गादी 6 मीटर लांब, 6 मीटर रुंद आणि 80 सेंटीमीटर जाड लागते. सरांनी शहरातल्या गादीवाल्याकडून फोमचे ठोकळे कापून घेतले, ताडपत्रीत शिवले आणि सध्या कमी उंचीवर काम भागवलंय. फायबरच्या बांबूवर खेळाडूच्या वजनाचा आकडा छापलेला असतो. त्याहून जड पोरगा त्यावर लटकला, तर बांबू मोडू शकतो. म्हणजे एकाचा बांबू दुसऱ्याला चालेलच असं नाही, आणि दुकानात ठेवून विकावा असा हा मालही नाही.

सरांनी पदरमोड करून एक मागवला, 60 किलोंचा. बांबू येईस्तोवर ज्याच्यासाठी मागवला तो गडी 66 चा झाला. आईनं वाढवलं म्हणतो. आता त्यावर अकरावीतली एक पोरगी सराव करते, आणि त्याच्यासाठी 70 चा बघणं चालू आहे. ट्रान्सपोर्टवाला लांब मालाचं भाडं वेगळं लावतो. सर त्याच्याशी फोनवर घासाघीस करतायत : "अहो, वजन बघा की! लांबीचे कसले पैसे लावता?"