किंगफिश: ह्युई लाँग

(दृश्य: न्यू ऑर्लिन्सचं बंदर, जुनं चित्रण)

मार्च १९३०. जर्मन युद्धनौका 'एमडेन' न्यू ऑर्लिन्सला आली आहे. पहिल्या महायुद्धात मद्रासवर तोफगोळे डागणारी एमडेन ती ही नव्हे. ही तिच्या नावाची, नंतर बांधलेली. नौकेचा कमांडर रीतसर लुईझियानाच्या गव्हर्नरांच्या भेटीला हॉटेलात जातो. गव्हर्नर समोर येतात ते हिरव्या रेशमी पायजम्यात!

बभ्रा झाला. मग गव्हर्नरांनी इकडून तिकडून कपडे जमवले, नटूनथटून नौकेवर गेले आणि माफी मागून आले. शहाणीसुरती माणसं हसली, पण या गव्हर्नरांचं, म्हणजे 'किंगफिश' या टोपणनावाच्या ह्युई लाँगचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकलं. त्याला हवं होतं तेच झालं, असं मानायला जागा आहे.

(दृश्य: विनफिल्ड, उत्तर लुईझियाना)

लाँगचा जन्म १८९३ चा, विनफिल्डचा. तरुणपणी तो दारोदार फिरून स्वयंपाकाचं तूपवजा वनस्पती-मिश्रण विकायचा, खपासाठी केक बनवायच्या स्पर्धा भरवायचा. बायको भेटली तीही अशाच स्पर्धेत. माल गळ्यात कसा मारायचा, हे त्याचं शिक्षण तिथलं. वकिलीचा अभ्यास जेमतेम वर्षभर, तरी १९१५ मध्ये सनद मिळाली. १९१८ मध्ये तो रेल्वे आयोगावर निवडून आला आणि टेलिफोन कंपनीच्या दरवाढीविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. १९२४ ला गव्हर्नरपदाची निवडणूक हरला, १९२८ ला जिंकला.

अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे अधिकाराने आपला मुख्यमंत्रीच. त्यातही लाँगसारखा.

शाळेची पुस्तकं फुकट झाली. राज्यात पक्के रस्ते होते जेमतेम ३०० मैल. तिथे हजारो मैलांचं काम निघालं. यातली मेख बघा: त्याने प्रत्येक भागात आधी थोडाच तुकडा पक्का केला. गुळगुळीत रस्त्यावरून गाडी एकदम चिखलात उतरली की लोक आपणहून उरलेला रस्ता मागणार! आणि मागितलाच.

(दृश्य: बॅटन रूज, विधानसभा)

१९२९ मध्ये त्याने तेलशुद्धीकरणावर पिंपामागे ५ सेंट कर सुचवला. स्टँडर्ड ऑइल ही बलाढ्य तेलकंपनी खवळली. विधानसभेत हाणामारी झाली, महाभियोग दाखल झाला. दोषी ठरवायला राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, दोन तृतीयांश मतं हवीत. लाँगने ३९ पैकी १५ सिनेटरांच्या सह्या एका कागदावर घेतल्या: पुरावा काहीही येवो, आम्ही दोषी म्हणणार नाही. खटला तिथेच आटोपला. सह्या करणाऱ्यांचं पुढे भलं झालं, हे सांगायला नकोच.

इथून माणूस बदलला, असं म्हणतात. मला वाटतं, बदलला नाही. फक्त लाज सोडली. सरकारी नोकरांच्या पगारातला वाटा त्याच्या पेटीत जमा होऊ लागला. आधी विनंती करायचो, आता सुरुंग लावतो, अशा अर्थाचं तो बोलून दाखवू लागला. विरोधी वर्तमानपत्रांच्या जाहिरातींवर त्याच्या राज्यात कर बसला. तो पुढे सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला. मतदानासाठी भरावा लागणारा कर रद्द झाला, गरीब गोरे मतदार वाढले. काळ्यांची दारं बंदच राहिली.

(दृश्य: वॉशिंग्टन)

१९३२ पासून तो अमेरिकेच्या सिनेटमध्ये, पण लुईझियानाच्या नाड्या त्याच्याच हातात. रूझवेल्टला राष्ट्राध्यक्षपदी निवडून आणायला झटला आणि लवकरच फिरला. १९३४ मध्ये रेडिओवरून योजना मांडली: धनाढ्यांच्या संपत्तीला कमाल मर्यादा, प्रत्येक कुटुंबाला किमान ५००० डॉलर. हिशेब जुळत नाही, असं अर्थतज्ज्ञ सांगत होते. मंदीत होरपळलेल्या घरांना हिशेब नव्हे, वाटा हवा होता. जून १९३५ मध्ये सिनेट अडवायला तो १५ तासांवर बोलत उभा राहिला, त्यात तळलेल्या कालवांची कृतीही सांगितली.

(दृश्य: विधानभवनाचा संगमरवरी मजला)

८ सप्टेंबर १९३५. त्यानेच बांधलेल्या ३४ मजली विधानभवनात कार्ल वाइस हा तरुण डॉक्टर पुढे आला. त्याचे सासरे मतदारांनी निवडून दिलेले न्यायाधीश होते आणि लाँग त्यांचा मतदारसंघ मोडायच्या बेतात होता. गोळी सुटली. अंगरक्षकांनी वाइसची चाळण केली. लाँगला लागलेली गोळी नेमकी कुणाची, यावर आजही वाद आहे. १० तारखेला तो गेला. वय ४२.

त्याच्या जागी आधी पत्नी रोझ सिनेटर झाली. मुलगा रसेल १९४८ ला सिनेटवर गेला, तो १९८७ पर्यंत तिथेच. त्यातली जवळपास १५ वर्षं करांचे कायदे ठरवणाऱ्या वित्त समितीचा तो अध्यक्ष होता.